रिकाम्या वस्त्या वगळून

४ मार्च २०२४, सोमवार

चार मिनिटं वीस सेकंद! आज मोबाइलवर घड्याळ लावून मोजले. प्रश्न एवढाच – गेल्या तीन दिवसांत कुठल्या वस्तीला टँकर गेला नाही? आणि आमचा सर्व्हर आठ वर्षांच्या सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून वाचत बसतो. अकरा लाख ओळी, एकेक करून. २०१६ मधला टँकरसुद्धा उघडून बघतो की हा परवाचा तर नाही ना!

बरं, स्क्रीन एका मिनिटातच कंटाळते. "माहिती उपलब्ध नाही" असं दाखवून मोकळी. सोमवारच्या सरकारी बैठकीत साहेब लोक ते वाचतात आणि म्हणतात, चला, कुणाचं पाणी राहिलेलं नाही. पुढचा विषय घ्या.

काकासाहेब सर बैठकीतून आले ते थेट माझ्या टेबलाशी. कंपनी त्यांची – सात माणसांची, टँकरच्या नोंदींचं काम ठेक्यानं घेतलेली. "दिपाली, अजून दोन सोमवार असंच झालं तर हे लोक परत वहीवर जातील," म्हणाले. वही म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. ज्याची ओळख त्याचा टँकर.

तेव्हा आता हे माझ्या गळ्यात.

७ मार्च, गुरुवार

पडेगावात आज पाणी आलं, आठव्या दिवशी. घरमालकीण भागूबाई पाइप धरून उभी. "तुमाला एकटीला कितीक लागतंय, एक पिंप लई झालं." दर आठवड्याला हेच. एकट्या माणसाला तहान कमी लागते अशी तिची समजूत आहे.

दादाला फोन लावला. वाजला, उचलला नाही. चौथा महिना चाललाय. दिवाळीत मी एवढंच म्हटलं होतं – मेंढरं विक, आईला माझ्याकडं पाठव, तिच्यानं आता दिवसभर चालवत नाही. हनुमानदादा ताडकन म्हणाला, "तू तुझ्या खोलीत ऱ्हा. आमाला शिकवू नगंस." ठीक आहे. तो पहिल्यापासून तसाच. पण आई! चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. एक शब्द बोलली नाही. त्यालाही नाही, मलाही नाही. मी पिशवी उचलून निघाले तरी भाकरीच थापत होती.

तो राग अजून गेलेला नाही. आणि रोज वाटतं की तिचा फोन यावा. तिच्याकडं फोन नाही, माझा नंबर फक्त दादाच्या फोनात आहे – हे सगळं माहीत असून वाटतं. आत्ता असतील दोघं खाली पैठणच्या कालव्याकडं, मेंढरं घेऊन. दर वर्षीचं आहे. दिवाळी झाली की आमच्या वस्त्या रिकाम्या, पाऊस पडला की परत.

११ मार्च, सोमवार

इंडेक्स केला! जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते – शब्द आणि पुढं पानाचा आकडा – तसंच हे. सर्व्हरनं सगळं पुस्तक वाचायचं नाही. सूची बघायची, थेट पानावर जायचं. तालुका, गाव, वस्ती, तारीख असे चार रकाने घेतले. छान ओळीनं लावले. चालवलं.

चार मिनिटं अठरा सेकंद. दोन सेकंद वाचवले. वा दिपाली!

१२ मार्च

कळलं. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं.

इंडेक्स डावीकडून वाचतो. आधी तालुका, मग गाव, मग वस्ती. पुण्याला बसून कुणीतरी नोंदीचा अर्ज तसा बनवला आणि मी डोळे झाकून तोच क्रम घेतला. पण आमच्याकडं फोन करणारं माणूस काय सांगतं? "सर्जेरावच्या वस्तीवरून बोलायलो." आधी माणूस! जो पहिला येऊन राहिला त्याच्या नावाची वस्ती. गाव तीनदा विचारल्यावर सांगतील. आणि तालुका विचारला तर उलट आपल्यालाच – "आता कन्नडच की! अजून कुठं?"

आमचीही तशीच. सोनाजीची वस्ती. सोनाजी म्हणजे आबा, माझे वडील. आबांना जाऊन सहा वर्षं झाली, वस्ती त्यांच्याच नावावर चालू आहे.

म्हणजे शोध यायचा वस्तीच्या नावानं आणि सूची लावलेली तालुक्यानं. आडनावांनी लावलेल्या यादीत मी नुसतं नाव घेऊन शोधायला बसले होते.

१५ मार्च, शुक्रवार

दुसरा इंडेक्स. फक्त वस्ती आणि तारीख. एंटर दाबलं, चहाला फुंकर मारली – आणि यादी समोर! नऊ सेकंद!

खुर्चीतून उठलेच. आतल्या खोलीत मी आणि सर्व्हर, दोघंच. काचेपलीकडं अक्षदा कानाला फोन लावून बसलेली. टँकरच्या नंबरवरचे सगळे फोन तीच घेते. तिला दोन्ही हातांनी नऊ बोटं दाखवली. तिला वाटलं मी काहीतरी नऊ मागवतेय. तिनं मान हलवली, नक्को म्हणून!

संध्याकाळी भागूबाईला सांगितलं, चार मिनिटांचं काम आता नऊ सेकंदांत होतं. ती म्हणाली, "मंग घरी लवकर येत जा की."

खोलीत आल्यावर नऊ सेकंदांचं कौतुक माझं मीच केलं. दोन अंडी जास्त उकडली.

२० मार्च, बुधवार

नवी कटकट. टँकरवाले बोंबलायलेत. पाणी भरून फेरी नोंदवली की मोबाइलवर चक्र फिरत राहतं, मागं पाच टँकरची रांग. एकानं अक्षदाला विचारलं, "मॅडम, तुमचं मशीन उपाशी हाय का?"

कारण मीच. प्रत्येक नवी फेरी आधी मूळ नोंदींत आणि मग सूचीतही लिहावी लागते. शोधणं हलकं केलं की लिहिणं जड होतं. फुकट काही मिळत नाही.

आज आईची फार आठवण आली. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. आई संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभी राहायची, मेंढरं आत जाताना नुसती बघायची. आणि दोनशेत एक कमी असलं तरी म्हणायची, "कानफाटी आली नाय." मी विचारायचे, तुला कसं कळतं? "आल्यालं मोजायचं नसतंय. कोन नाय ते बघायचं." साहेब लोकांचा प्रश्न हाच तर आहे! कोण नाही? सर्व्हरला जे आहे ते पटकन सापडतं. जे नाही ते सापडायला सगळ्यांची नावं पाठ असावी लागतात.

तिला हे काम नीट कळलं असतं. तिच्याशी बोलता आलं असतं तर.

२७ मार्च, बुधवार

काकासाहेब सर: "नऊ सेकंदांत साहेब लोक मोबाइल काढतात. तीनच्या आत आण. आणि टँकरवाल्यांचं ओरडणं बंद कर."

मी: "दोन्ही एकदम?"

सर: "म्हणून तर तुला ठेवलंय."

इंडेक्स जुन्या सर्व्हरच्या मेमरीत मावत नाही, हे खरं दुखणं. लहान केला तर शोधही पळेल आणि नोंदही. लहान करायचा म्हणजे काहीतरी सोडायचं. काय सोडू?

२८ मार्च, गुरुवार

सुचलं! बसथांब्यावर उभी असताना सुचलं!

दीड हजार वस्त्या आहेत यादीत. त्यातल्या कितीतरी हंगामी. मेंढपाळांच्या, ऊसतोडीवाल्यांच्या. चैत्रात तिथं असतं कोण? कुत्रंसुद्धा मेंढरांबरोबर जातं! तरी सर्व्हर बिचारा रोज त्यांना हुडकतो. अर्धवट इंडेक्स करता येतो – अट घालून. "रिकाम्या वस्त्या वगळून." शोधालाही तीच अट.

हे पुण्याच्या माणसाला जन्मात सुचलं नसतं. त्याला काय माहीत कुठल्या वस्तीवर कोण कधी असतं! मला माहीत आहे. मी त्याच धुळीत वाढले. पहिल्यांदा असं झालं की या ऑफिसात माझं घरचं ज्ञान कामाला आलं.

दिवसभर बसून एकेक वस्तीवर खूण मारली. पहिली आमचीच. सोनाजी वस्ती, तालुका कन्नड – रिकामी. अजिबात विचार करावा लागला नाही. मग बाकीच्या. सहाशे बारा झाल्या.

पाच वाजता चालवलं. पावणेदोन सेकंद!! टँकरवाल्यांची नोंदही पळाली. काकासाहेब सरांनी पेढे आणले. अक्षदानं मिठी मारली. कुणीतरी मिठी मारली याला किती दिवस झाले ते मी मनात मोजत होते.

१ एप्रिल

बैठकीत टाळ्या पडल्या म्हणे. मी तिथं नव्हते.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. भागूबाईनं गुढी उभारली, मला पुरणाची एक पोळी दिली. एकटीला लागतेच किती!

दुपारी ऑफिसातून दादाला सात वेळा फोन केला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर." कालव्याकडं रेंज नसते. की त्यानं नंबर बदलला? आणि मला कळवला नाही? मग आईनं तरी म्हणायला नको का, पोरीला फोन लाव म्हणून! सणाचा दिवस. एक फोन. कुणाच्याही मोबाइलवरून.

रडले. लिहायचं नव्हतं पण लिहिलं.

१८ एप्रिल, गुरुवार

शहर आता दौलताबाद रस्त्यानं धावतच सुटलंय. या महिन्यात यादीत सहा नव्या सोसायट्या टाकल्या. एकीचं नाव 'लेक गार्डन'. तळं नाही, बाग नाही, फाटकाशी वाळलेला कडुनिंब. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! राहतं कोण? दोन वॉचमन. पण बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला, सरांनी सही केली, मी "चालू" असं टाकलं. दुसऱ्या दिवशी टँकर.

तिकडं गावोगाव विहिरींना तळ दिसायला लागलाय. अक्षदा म्हणते, दिवसाला दोनशे फोन. तिचा घसा बसलाय. मी मात्र आत एसीत. सर्व्हरसाठी लावलेला एसी.

३० एप्रिल, मंगळवार

अक्षदा जेवताना म्हणाली, "दीदी, एक बुढी रोज फोन करते. कडूबाई. मी नाव घेते, वस्ती टाकते – लाल पट्टी येते. वस्ती रिकामी, नोंद बंद. मी सांगते तिला, मावशी, तिथं कुणी राहत नाही. तर ती म्हणते, मंग मी कोन बसलेय हितं?"

मी हसले. म्हटलं, अगं, या लोकांची तऱ्हा मला माहीत आहे. पाहुण्याकडं राहत असेल, आपल्या वस्तीच्या नावानं जास्तीचा टँकर मागत असेल.

"पण तशा चार-पाच बुढ्या आहेत, यार."

"रांगेत किती फोन थांबलेत?"

"वीस."

"मग कट करत जा."

असं म्हटलं मी. जसंच्या तसं लिहून ठेवते.

६ मे, सोमवार

कडूबाई आज ऑफिसात आली.

पहाटे निघून जीपनं कन्नड, तिथून एसटी. काठी, डोक्यावर पदर, हातात पाच लिटरचा रिकामा कॅन. काकासाहेब सर बैठकीला गेलेले. अक्षदानं मला बाहेर बोलावलं. बाई खुर्चीवर बसेना, जमिनीवर बसली. तिच्या लुगड्याला मेंढरांचा वास होता. मी विसरले होते असं मला वाटायचं.

"कोन लिवतंय गं ते, कुनी ऱ्हात नाय म्हनून?"

मी विचारलं, "मावशी, तुमची मंडळी मेंढरं घेऊन गेली नाहीत का?"

"गेली की. पोरं गेली. आवंदा कालव्याला पानी सोडलंच नाय, तिकडं गवताची काडी नाय. टेम्पोत मेंढरं घालून लई लांब गेली, पार वऱ्हाडाकडं. टेम्पोत मेंढरं बसत्यात, म्हातारी बसत नाय." हसली. दोनच दात. "आमाला ठिवून गेली. सगळ्या वस्त्यांवर तसंच हाय. म्हाताऱ्या ऱ्हायल्यात राखन."

"मग पाणी?"

"हुतं डबक्यात. आता गाळ हाय. चतुराबाईनं त्योच गाळून पिला. दवाखान्यात हाय ती, कन्नडला." मग माझ्याकडं बघून – "तू कुनाची गं? बोलनं आपल्यातलं वाटतंय."

मी सांगितलं नाही. तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. ती अर्धा प्याली आणि उरलेला कॅनमध्ये ओतला.

सर आल्याआल्या मी सांगितलं – अट काढतेय, सगळ्या वस्त्या परत घेतेय. ते म्हणाले, "परत नऊ सेकंद? आत्ता बैठकीत पुन्हा कौतुक झालंय, दिपाली. हळूहळू करू. आधी एखादा माणूस पाठवून खात्री करू."

"खात्री बाहेर बसलीय, सर. कॅन घेऊन."

"तसं नाही गं—"

"नऊ सेकंद थांबू द्या साहेबांना!" मी ओरडले. या ऑफिसात पहिल्यांदा. अक्षदाच्या फोनवरच्या माणसानंसुद्धा ऐकलं असेल. सरांनी मग स्वतःच टँकर सोडायला फोन लावला. वाईट नाहीत ते. घाबरट आहेत.

दुपारी अट काढली. मग इंडेक्सची यादी उघडली. पहिला इंडेक्स – तो तालुका-गाव-वस्ती-तारीखवाला, कशाच्याही उपयोगाचा नसलेला – तसाच होता! मी काढलाच नव्हता. दोन महिने तो मेमरी अडवून बसला होता, प्रत्येक फेरी त्यातही लिहिली जात होती. टँकरवाल्यांचा खोळंबा मुख्य त्याचाच. तो काढून टाकला. सगळ्या वस्त्या घेऊन पुन्हा चालवलं.

दोन सेकंद.

कुणालाच वगळायची गरज नव्हती.

७ मे, मंगळवार

सकाळी बंद पडलेल्या नोंदी काढल्या. म्हणजे ज्या फोनला लाल पट्टी आली ते सगळे. आधी त्या टेबलाला इंडेक्स केला – हात आपोआप करतात आता – आणि एका सेकंदात यादी आली. दोनशे सतरा फोन. अडतीस वस्त्या. अक्षदाला चार-पाच बुढ्या आठवत होत्या.

नावानं लावलेली यादी. एकेक वस्ती वाचत, टँकर लावत खाली येत होते. सर दुसऱ्या फोनवर, अक्षदा तिसऱ्यावर. कुणी जेवलं नाही. तीन वाजता 'स' पर्यंत आले.

सोनाजी वस्ती. अकरा फोन.

फोन करणाऱ्याचं नाव – मंजुळाबाई.

आईचं नाव मी कधी टाइप केलेलं नाही. असं छापलेलं पहिल्यांदा बघितलं. पहिला फोन २ एप्रिल, शेवटचा शनिवारचा. सगळे दुपारी चारच्या आसपास. एक पाडव्याचा! मी इथं दादाला सात वेळा फोन करत होते आणि ती काचेच्या पलीकडं, अक्षदाच्या कानात होती. बारा पावलांवर.

प्रत्येक नोंदीपुढं एकच – वस्ती रिकामी, नोंद बंद. आणि फोनचा वेळ. चौदा सेकंद. अकरा सेकंद. नऊ सेकंद.

ती कालव्याकडं गेलीच नव्हती. दादा तिलाही ठेवून गेला. मी खोलीत बसून तिच्यावर रागावत होते आणि ती तिथं एकटी, पाण्यावाचून. का? तर उंटावरून शेळ्या हाकणारी एक बाई एसीत बसून ठरवत होती की तिथं कुणी नाही. पहिली आमचीच, अजिबात विचार न करता – असं वर लिहिलंय मी. वाचलं परत.

अक्षदा रडायला लागली. "दीदी, मला माहीत नव्हतं, तुझी मम्मी आहे." तिला कसं माहीत असणार. मी कधी घरचं नाव काढलेलं नाही. तिला म्हटलं, तू स्क्रीनवर होतं तेच सांगितलंस.

उद्या पहिल्या बसनं निघते.

८ मे, बुधवार

कन्नडहून टँकरमध्येच बसले. ड्रायव्हरला रस्ता मीच सांगितला, वस्तीचं नाव आधी आणि गाव मागनं!

आई दारात उभी होती. मला वाटलं होतं खूप वाळली असेल. वाळलीय, पण उभी आहे. बाजूला दोनच मेंढरं, एक लंगडं. आधी टँकरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आलीस?"

"आले."

"बारीक झालीस लई."

आणि पिंपाचं झाकण काढायला गेली. मी पाइप धरला. ड्रायव्हर गेला. ती चुलीकडं वळली. मी सगळं सांगायला सुरुवात केली – इंडेक्स, अट, यादी, मी काय केलं ते. तिनं ऐकलं. कळलं किती कोण जाणे. मध्येच म्हणाली, "भाकर खा आधी." दादाबद्दल विचारलं तर एवढंच – "जनावरं जगवायची व्हती त्याला." मग अंगणात लंगड्या मेंढराचा पाय धुतला. नव्या पाण्यानं. मला ओरडावंसं वाटलं की आधी तू पी.

पाणी कुठून आणत होती? तर चार वाजता फकिरा शेरडं घेऊन जातो, तो रोज एक कळशी ठेवायचा. त्याच्या मोबाइलवरून फोन. नंबर टँकरवर रंगवलेला असतो, तो त्यानं लिहून घेतला होता.

एक कळशी. तिघांना – म्हणजे तिला आणि दोन मेंढरांना. मग अकरा वेळा फोन का केला नसता!

९ मे

सकाळी म्हटलं, "आई, पाण्यासाठी अकरा वेळा फोन केलास. माझं चुकलं."

ती म्हणाली, "पान्याचं नव्हतं गं. फकिरा देत व्हता की. त्यो नंबर तुझ्या हापिसाचा. कदी तरी तू उचलशील म्हनून लावत व्हते. दिवाळीला बोलले नाय, ते बोलायचं व्हतं." मग पिठाचा हात झटकत, "ती पोरगी म्हनायची, तिथं कुनी ऱ्हात नाय. मला वाटलं, तूच तसं लिवून ठिवलंस."

म्हटलं, "व्हय. मीच लिवलं."